वरातीमागून अहवाल

आग्रा-मुंबई रस्त्यावरचे बीआरटीएसचे कठडे उचलले जाऊ लागले तेव्हा आमच्या परिचयातले एक ज्येष्ठ गृहस्थ नवलखा चौराह्यावर काठी टेकून उभे होते. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "हे बसवताना मी साठीत होतो, काढताना बहात्तरचा आहे. मधल्या काळात काय झाले ते कोणी सांगेल का?" त्यांना कोणी सांगितले नाही. आम्हालाही कोणी सांगितलेले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी हकीकत. केंद्राची जवाहरलाल नेहरू शहरी पुनरुत्थान योजना २००५ साली आली आणि तिच्याबरोबर मोठ्या शहरांना पैसा मिळण्याचा मार्ग उघडला. इंदूरच्या वाट्याला त्यातून जलद बसमार्ग आला. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत साडेअकरा किलोमीटरच्या आसपास, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी कठडे, २१ स्थानके. मे २०१३ मध्ये आय-बस धावू लागली. खर्चाचा जो आकडा वर्तमानपत्रांतून फिरत राहिला तो तीनशे कोटींच्या घरातला. पुढे मोटारवाल्यांची तक्रार, मग न्यायालय, मग काही काळ बसच्या मार्गिकेत मोटारींनाही मुभा, मग पुन्हा बंदी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी हा मार्ग काढून टाकण्याची घोषणा केली. उच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली होती, तिचा अहवाल आला आणि २७ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाने मार्ग हटवण्यास मान्यता दिली. दुसऱ्याच रात्री यंत्रे रस्त्यावर उतरली. त्यानंतर मात्र ठेकेदार मिळेना आणि काम महिनोन्महिने रेंगाळले, ही गंमत वेगळीच.

सुज्ञ वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या मार्गाची व्यवहार्यता तपासली गेली, तज्ज्ञांनी तपासली, न्यायालयासमोर मांडली गेली. फक्त ती तपासली गेली मार्ग बांधून झाल्यावर बारा वर्षांनी! लग्न लागले, मुलेबाळे झाली आणि मग पत्रिका जुळवायला बसलो, अशातली ही गत.

आम्ही बसच्या विरोधात नाही, हे येथेच स्पष्ट करतो. रोज पन्नास हजारांच्या आसपास माणसे त्या बसने जात असत, आणि त्यांत आमच्या घरांतल्या कित्येक मावश्या-काकू, विद्यार्थी, कचेरीतले लोक होते. त्यांना बस सोयीची होती. त्याच रस्त्यावर उरलेल्या जागेत दाटीवाटीने उभ्या राहणाऱ्या दुचाकी आणि मोटारवाल्यांना ती नकोशी होती. दोघेही आपापल्या जागी खरे. पण रस्त्याची रुंदी किती, चौराहे किती, वळणारी वाहने किती, पलासिया आणि गीता भवनाजवळ पायी रस्ता ओलांडणारा माणूस कुठून जाणार, ही मोजणी चारचौघांसमोर मांडून, त्यावर भांडून, मग कुदळ मारायची असते. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद असा बसमार्ग २००८ साली झाला आणि २०१६ साली उखडला गेला. भोपाळचा २०१३ साली सुरू झाला, २०२४ मध्ये काढायला घेतला. आता इंदूर. तीन शहरांत एकच चूक होते तेव्हा ती चूक राहत नाही, रीत होऊन बसते.

आणि हीच रीत आता राजवाड्याच्या दारात आली आहे.

मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळाली. साडेएकतीस किलोमीटरचे वर्तुळ, खर्च ७,५०० कोटी ८० लाख रुपये. सप्टेंबर २०१९ मध्ये पायाभरणी. ३१ मे २०२५ रोजी पहिली गाडी प्रवासी घेऊन धावली. किती अंतर? सहा किलोमीटर. किती स्थानके? पाच. कुठे? सुपर कॉरिडॉरवर, जिथे आजूबाजूला अजून वस्तीच विरळ आहे. टोकाच्या स्थानकाला देवी अहिल्याबाईंचे नाव दिले, याचा आम्हाला आनंद आहे. होळकरांच्या इंदुरात ते नाव कुठेही शोभते. पण पहिला आठवडा प्रवास फुकट होता म्हणून लोक मुलाबाळांना घेऊन मेट्रो पाहायला गेले, आणि तिकीट लागू झाल्यावर गर्दी ओसरली. जत्रा आणि वाहतूक यांत फरक असतो. जत्रेला माणूस हौसेने जातो. वाहतुकीला त्याला घरापासून कामापर्यंत जायचे असते. त्या सहा किलोमीटरांत कोणाचे घर आहे आणि कोणाचे काम, हे मोजायला परदेशी सल्लागार कशाला हवा? पोस्टमनने सांगितले असते.

त्याहून गंभीर गोष्ट पुढची आहे. दाट वस्तीतून गाडी खांबांवरून न्यायची की जमिनीखालून, हा वाद मंजुरीनंतर कित्येक वर्षे चालू राहिला. आमदार एक म्हणणार, व्यापारी दुसरे, अधिकारी तिसरे. अखेर २०२५ मध्ये खजराण्यापासून पुढे भुयारी मार्ग करण्याचे ठरले आणि त्यापायी कित्येक शे कोटींचा वाढीव बोजा आला. आम्हाला भुयार नको असे नाही, एम. जी. रोडच्या माथ्यावर खांब उभे राहण्यापेक्षा ते बरे. प्रश्न असा की वर की खाली, हा प्रश्न पायाभरणीच्या आधीचा की नंतरचा? घर बांधताना विहीर कुठे खणायची हे भिंती उभ्या झाल्यावर विचारणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो?

येथे एक शब्दांचा घोळ स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्याला फसवले जाते ते त्याच घोळात. 'डीपीआर झाला आहे' असे नेते सभेत सांगतात आणि आपण समजतो की सगळा विचार झाला. डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल. काम कसे करायचे, हे तो सांगतो. खांब किती, सळई किती, स्थानके कुठे, पैसा कुठून. व्यवहार्यता अहवाल त्याच्या आधीचा असतो आणि त्याचा प्रश्न वेगळा असतो: हे काम करावे का? करायचे तर याच प्रकारे का? पाचशे नव्या बसगाड्या घेतल्या तर तेवढीच माणसे जातील का? काहीच केले नाही तर दहा वर्षांनी काय होईल? ज्या अहवालाला 'नको' म्हणण्याची मुभा नाही तो व्यवहार्यता अहवाल नव्हे. ते लग्नाचे निमंत्रण झाले.

हे आमचे म्हणणे नाही, सरकारचेच आहे. केंद्राचे मेट्रो रेल्वे धोरण ऑगस्ट २०१७ मध्ये आले. त्यात पर्यायांचा तौलनिक अभ्यास सक्तीचा केला आहे. मेट्रोऐवजी बस, ट्राम, साधी रेल्वे यांतले काय परवडेल ते आधी दाखवा, मग मेट्रो मागा, असे ते धोरण सांगते. समाजाला होणारा आर्थिक परतावा किमान १४ टक्के हवा, आणि प्रस्तावाची तपासणी त्रयस्थ संस्थेकडून व्हावी, हेही त्यातच आहे. इंदूरची मंजुरी त्यानंतर वर्षभराने झाली. म्हणजे आपल्या मेट्रोसाठी असा तौलनिक अभ्यास कागदावर असलाच पाहिजे. तो आपल्या गल्लीतल्या किती जणांनी पाहिला? आपल्या पार्षदाने पाहिला का? आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही त्यांच्या बँकेचे पासबुक मागितले.

अंदाज फुगवण्याचा रोग फक्त आपला नाही, हेही मान्य केले पाहिजे. डेन्मार्कचे प्राध्यापक बेंट फ्लूबिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली जगभरातल्या २१० वाहतूक प्रकल्पांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांतले जे रेल्वेचे प्रकल्प होते, त्यांत दहापैकी नऊ ठिकाणी प्रवाशांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला, आणि सरासरीने तो दुपटीहून अधिक फुगलेला होता. यावर उपायही सोपा सुचवला जातो. आपला अंदाज आपल्याच इच्छेवरून बांधू नका, असेच काम दुसऱ्या दहा शहरांत झाले त्यांचे काय झाले ते आधी पाहा. आपल्याकडे मुलगी देताना आजी हेच करीत असे. मुलाचे गुण नंतर, आधी त्या घरात दिलेल्या बाकीच्या सुनांची चौकशी!

आम्ही जुन्या संस्थानाचे कौतुक उगाळत बसणारे नाही. पण जिथे काही घेण्यासारखे आहे तिथे डोळे मिटूनही चालणार नाही. १९१७-१८ साली होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताला इंदुरात बोलावले. शहरात प्लेग होता. नाल्या तुंबलेल्या, खान आणि सरस्वती या नद्यांची दैना, दाट मोहल्ले. कोणीही नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता आखला असता आणि मध्ये येणारी घरे पाडली असती. त्या काळी तीच फॅशन होती. गेडिस गल्ल्यांतून पायी हिंडला. कुठली विहीर वापरात आहे, कुठल्या झाडाखाली लोक बसतात, कुठल्या पडक्या घराची जागा मोकळी केली की चार घरांना हवा मिळेल, हे पाहिले. त्याचे म्हणणे वैद्यासारखे होते, आधी निदान, मग उपचार. आणि उपचारही जपून, थोडके कापून, जगणारे जगवून. १९१८ साली त्याचा अहवाल दोन खंडांत छापून निघाला. त्याने दिवाळीत शहरातून एक मिरवणूकही काढली, तीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि मिरवणुकीचा मार्ग ज्यांनी आपली गल्ली स्वच्छ केली त्यांच्या दारावरून ठरणार होता. लोकांनी हजारो घरांपुढचा कचरा उचलला. देशात स्वच्छतेचे पहिले बक्षीस घेणारे आपले शहर हा प्रसंग शाळेत शिकवते की नाही कोण जाणे.

गेडिसचे सगळे ऐकले गेले नाही. बरेच कागदावर राहिले. पण पाहणी आधी, फावडे नंतर, हा क्रम शंभर वर्षांपूर्वी याच शहरात, याच गल्ल्यांत दाखवून दिलेला आहे. ज्या लोकांना हे बाहेरून शिकवावे लागते ते इंदूरचे नव्हेत.

त्याहून मागे जायचे तर दुसरे तुकोजीराव. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी त्यांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. साडेचार टक्के व्याज, मुदत १०१ वर्षे. रेल्वे हवी होती म्हणून हरखून जाऊन थैली सोडली नाही. पैसा किती, व्याज किती, किती पिढ्या, हे कागदावर ठरले. आज ७,५०० कोटींच्या कामासाठी आपण घेतो ते कर्ज आपल्या नातवंडांनी कोणत्या तिकिटातून फेडायचे, हे एका पानावर कोणी लिहून देईल काय?

चालवण्याचा खर्च हा तर कोणीच न विचारलेला प्रश्न. आपल्यापैकी साठीच्या पुढच्यांना नर्मदा इंदुरात यावी म्हणून १९७० साली झालेले आंदोलन आठवत असेल आणि १९७८ साली जलूदहून पाणी आले तो दिवसही आठवत असेल. घरोघर लोकांनी नळाला हळदकुंकू वाहिले होते. ते पाणी आले नसते तर हे शहर जगले नसते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ते पाणी सत्तर किलोमीटर दूर, विंध्याचा चढ चढून येते, आणि त्या चढाचे विजेचे बिल दर महिन्याला येते, कोट्यवधींचे, आणि नगर निगमाच्या तिजोरीला दर महिन्याला घाम फुटतो. त्या बिलासाठी २०२३ साली निगमाने कर्जरोखे काढून जलूदला सूर्यऊर्जेचा प्रकल्प हाती घेतला. बांधण्याचा खर्च एकदाच असतो; चालवण्याचा खर्च मरेपर्यंत. मेट्रोचे रिकामे डबेही वीज खातातच.

आता येथे कोणी म्हणेल, सरकारला शहाणपणा शिकवणाऱ्यांनी आधी आपले घर पाहावे. योग्यच आहे. आम्ही पाहतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्याच एका मंडळाने नव्या वसाहतीत भूखंड मिळवला आणि सभागृह बांधायचे ठरवले. सहाशे खुर्च्या, फिरता रंगमंच, वर अतिथिगृह. पुण्याहून पाहुणे बोलावून पायाभरणी केली. सभेत सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर उभे राहिले. त्यांनी विचारले, "आपले कार्यक्रम वर्षाला किती? माझ्या मोजणीने बावीस. चौकीदार, वीज आणि कर यांसाठी हॉल किमान शंभर दिवस भाड्याने जायला हवा. कोण घेणार?" दुसरा प्रश्न, "गाड्या कुठे लावणार?" तिसरा, "रामबाग आणि नारायण बागेतल्या म्हाताऱ्या माणसांनी रात्री नऊ वाजता तिथून घरी कसे यायचे?" अध्यक्ष म्हणाले, "अहो भाऊसाहेब, शुभकार्यात असे बोलू नये." सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो. टाळ्या वाजवल्या आणि पावती फाडली.

पहिला स्लॅब पडला, पैसा संपला. नकाशाची मंजुरी गाड्या लावण्याच्या जागेवरून अडली. नाटके दुसऱ्यांच्या सभागृहात होत राहिली. त्या स्लॅबमधून वर आलेल्या सळया आजही गंजत उभ्या आहेत आणि पावसाळ्यात तिथे बेडूक ओरडतात. भाऊसाहेब गेले. त्यांच्या तीन प्रश्नांना उत्तर शोधायला एका अभियंत्याला पंधरा दिवस आणि दोन कार्यकर्त्यांना चार रविवार लागले असते. ज्यांच्या मंगळसूत्रातला एक मणी त्या देणगीत गेला अशा बायका आमच्या माहितीत आहेत, आणि त्यांना तोंड दाखवायची लाज आम्हाला अजून वाटते. म्हणूनच हे लिहिण्याचा अधिकार आम्हाला आहे असे आम्ही समजतो. आम्ही फसलेलो आहोत, आणि फसवणाऱ्यांत आमचाही हात होता.

तो हशा फार महत्त्वाचा आहे. मोठ्या कामाला प्रश्न विचारणारा माणूस विकासविरोधी, अपशकुनी, मागासलेला ठरतो. नेता घोषणा आधी करतो. घोषणा झाली की अधिकाऱ्याला ती खरी ठरवणारा कागद हवा असतो. सल्लागाराला पुढचे काम हवे असते. मग कोण 'नको' लिहील? ज्या संस्थेने काम राबवायचे तिनेच त्याचा अंदाज बांधायचा, हा तर न्हाव्यालाच दाढी वाढली का विचारण्याचा प्रकार. म्हणून अंदाज बांधणारा आणि काम करणारा वेगळा हवा, आणि अंदाज बांधणाऱ्याचे नाव, त्याचा आकडा आणि तारीख त्या कामाच्या फलकावर हवी. पाच वर्षांनी आकडा चुकला तर निदान कोणाचा चुकला हे तरी कळेल.

आता प्रत्यक्ष प्रश्न. राजवाड्याच्या परिसरात भुयार आणि स्थानक यायचे आहे. तिथे आपल्यातल्या अनेकांची वडिलोपार्जित घरे आहेत, काहींची दीडशे-दोनशे वर्षांची, मातीच्या आणि पांढऱ्या चुन्याच्या भिंती, सागवानी खांब. खाली दुकाने, वर राहणे. या वाड्यांचा पाया किती खोल आहे, खालची जमीन काळी आहे की मुरूम, खोदकामाच्या हादऱ्याने कोणत्या भिंतीला किती धोका, आज ज्या भेगा आहेत त्यांची आजच छायाचित्रांसह नोंद झाली आहे का? ती झाली नाही तर उद्या नवी भेग पडल्यावर 'ती आधीपासूनच होती' हे उत्तर ठरलेले आहे. सराफ्यातल्या आणि कपडा बाजारातल्या दुकानांचा धंदा काम चालू असताना किती वर्षे बसेल आणि त्याची भरपाई कोण देणार? भाडेकरूला काही मिळणार की फक्त मालकाला? आपल्यातले बरेच जण भाडेकरूच आहेत, हे विसरू नये.

आपली संख्या कमी झाली आहे. मुले पुणे, बंगळूर, त्याहून पुढे गेली. वाड्यात दोन म्हातारी माणसे आणि एक कुलूप, असे चित्र दर चौथ्या दारात दिसते. मतांच्या हिशेबात आपण कोणाला फारसे लागत नाही, हे सगळ्या पक्षांना कळले आहे. पण कागद वाचणारी, आकडेमोड येणारी, निवृत्त अभियंते, लेखापाल, शिक्षक, बँकवाले अशी माणसे आपल्याकडे अजून आहेत, आणि त्यांना दुपारचा वेळही आहे.

म्हणून ठरले आहे ते असे. मेट्रोचा पर्यायांचा तौलनिक अभ्यास, राजवाडा भागाची भूगर्भ तपासणी आणि वारसा वास्तूंवरील परिणामाचा अहवाल, प्रवासी संख्येचा मूळ अंदाज आणि सहा किलोमीटरवरची प्रत्यक्ष महिनावार संख्या, अशा चार कागदांसाठी माहिती अधिकाराखाली अर्ज करायचे. एकाच नावाने नव्हे, निदान चाळीस घरांतून. अर्जाचा मसुदा तयार आहे. दुसरे, ज्यांचे वाडे या पट्ट्यात आहेत त्यांनी आपल्या भिंतींची छायाचित्रे तारखेसह काढून एक प्रत मंडळाकडे द्यावी; ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे आमची तरुण मंडळी कॅमेरा घेऊन येतील, चहा नाही दिला तरी चालेल. तिसरे, रविवारी आणि बुधवारी सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी पाच ते आठ, राजवाडा, शिवाजी प्रतिमा आणि पलासिया या तीन ठिकाणी माणसे आणि वाहने मोजायची आहेत. वही, पेन्सिल आणि बसायला स्टूल घेऊन यावे. मोजणाऱ्यांची नावे मंडळाच्या कार्यालयात रोज सायंकाळी सहा ते आठ या वेळात नोंदवून घेतली जातील. भाऊसाहेबांच्या सुनेने पहिले नाव दिले आहे.